विम की ईमॅक्स? एका तटस्थ बाईची जबानी

निवृत्त होऊन किहीमला राहायला आले, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या काकूंनी विचारलं, "तुम्ही नोकरीत काय करायच्या?" म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा बंद पडलेला मिक्सर माझ्या ओट्यावर हजर. मी तो दुरुस्त करू शकले नाही. तेव्हापासून काकूंच्या मते माझी सत्तावीस वर्षांची नोकरी संशयास्पद आहे. त्या अगदीच चूक आहेत असंही नाही.

मी कंटेनर यार्डांसाठी सॉफ्टवेअर लिहायचे. न्हावा शेव्याला जहाजातून उतरलेले लोखंडी डबे सगळेच थेट मालकाकडे जात नाहीत. बरेचसे बाहेरच्या यार्डांत येऊन पडतात, एकावर एक चार-चार. आपल्याला हवा असलेला डबा नेहमी सगळ्यात खाली असतो, हा निसर्गनियम आहे. कुठला डबा कुणाच्या खाली आहे, तो सोडायला मोकळा आहे की कस्टमने अडवलाय, हे आमचा प्रोग्राम सांगायचा. गेटवर ट्रेलर आला की तिथला माणूस डब्याचा नंबर टाकायचा, प्रोग्राम 'हो' म्हणायचा आणि आडवा दांडा वर जायचा. प्रोग्राम काही म्हणालाच नाही, तर दांडा खाली आणि ड्रायव्हरचा आवाज वर.

आता प्रोग्राम म्हणजे शेवटी मजकूरच. ओळीखाली ओळ. तो लिहायला, खोडायला, बदलायला जे साधन लागतं त्याला एडिटर म्हणतात. कुणालाही वाटेल, की माणसाने हाताला येईल ते साधन घ्यावं आणि कामाला लागावं. असं ज्याला वाटतं तो प्रोग्रामर नव्हे. जगातल्या शहाण्यासुरत्या प्रोग्रामरांनी कित्येक वर्षं एकाच प्रश्नावर भांडण्यात घालवली आहेत: विम चांगला की ईमॅक्स? दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही माउसला हात न लावता नुसत्या कळा दाबून चालतात आणि दोन्ही नवख्या माणसाला रडवतात. एवढं साम्य असल्यावर वैर होणारच.

आमचं ऑफिस बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथे विमचे प्रतिनिधी होते घरत आणि ईमॅक्सचे मुकादम. घरत उरणजवळच्या गावचा. घराण्याची मिठागरं होती, ती रस्त्यात आणि गोदामांत गेली. सडपातळ, कमी बोलणारा, कळफलकावर बोटं अशी चालवायचा की वाटावं, दाबतच नाहीये. मुकादम मुरुडच्या बाजूचे. गोरेपान, अदबशीर, बोलण्यात गोडवा आणि गोडव्यात सुई.

माझा पहिला दिवस. घरतने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "एडिटर कंचा?"

मी म्हटलं, "नोटपॅड."

नोटपॅड म्हणजे विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आयती मिळणारी कोरी पाटी. उघडा, लिहा, बंद करा. लहान मुलालाही येते. घरतने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते. मग खुर्ची ओढून म्हणाला, "बस. मी शिकवतंय."

विममध्ये दोन अवस्था असतात. एका अवस्थेत तुम्ही 'जे' दाबलात तर 'जे' उमटत नाही, तुम्ही एक ओळ खाली उतरता. 'डी' दोनदा दाबलात तर अख्खी ओळ गायब. लिहायचंच असेल तर आधी 'आय' दाबून दुसऱ्या अवस्थेत जायचं. लिहून झालं की एस्केप दाबून परत यायचं. आणि काम जपून ठेवून बाहेर पडायचं असेल तर कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. मी आत शिरले आणि आतच राहिले. विचारायची लाज वाटली, म्हणून तीन दिवस संध्याकाळी नुसता पडदा बंद करून घरी जात होते. चौथ्या दिवशी वीज गेली आणि माझी सुटका झाली.

ईमॅक्समध्ये अवस्था नाहीत, तिथे बोटांचा व्यायाम आहे. कंट्रोल धरून एक्स, कंट्रोल न सोडता एस. सगळा भार करंगळीवर. मुकादम करंगळीला बाम लावून बसायचे आणि म्हणायचे, "इल्म हासिल करायचा तर तकलीफ होणारच." त्यांच्या ईमॅक्समध्ये पत्रं होती, रोजनिशी होती, चंद्राच्या कलाही होत्या. भावाची मच्छीमार होडी होती, त्याला ते अमावास्या-पौर्णिमा ऑफिसातून फोनवर सांगायचे.

"आमच्या घरात पंचांग हाय," घरत म्हणायचा. "त्याला करंगळी लागत न्हाय."

"बरोबर आहे घरत. तुमच्या विमला पंचांग कुठून जमणार? त्याला अजून स्वतः कुठल्या अवस्थेत आहे हे ठरवता येत नाही."

हे रोज, जेवणाच्या सुट्टीत. डबे उघडल्यापासून झाकणं लागेपर्यंत. वर मला विचारायचे, "तुझं काय मत?" मी दोघांच्या मधे बसायचे आणि मत विचारलं की तोंडात घास ठेवायचे. त्यामुळे ऑफिसात माझी ख्याती तटस्थ आणि विचारी अशी झाली. वजनही वाढलं.

एकदा आम्ही ज्यांचं काम करायचो त्यातल्या एका यार्डाचे मालक पाटीलशेठ अचानक ऑफिसात आले आणि नेमके या भांडणाच्या मधोमध सापडले. आपल्याच कामावरून हाणामारी चाललीय असं समजून ते घाबरले. मुकादमांनी त्यांना पाणी दिलं आणि वाद समजावून सांगितला. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दोघं लिहिणार एकच?"

"हो."

"आणि माझ्या गेटला कळणार न्हाय, कुणी कशात लिहिलंय?"

"नाही."

"मग तुम्हांला काम कमी हाय." एवढं बोलून ते उठले आणि आमच्या साहेबांना सांगून गेले, की माणसं एका रांगेत लावा.

साहेब व्यवस्थापन शिकलेले होते. त्यांनी समिती नेमली. विषय: कंपनीचा अधिकृत एडिटर कोणता असावा. अध्यक्ष मी, कारण तटस्थ. सात शुक्रवार बैठका झाल्या. घरतने फळ्यावर कळा मोजून दाखवल्या. मुकादमांनी चौदा पानांचं टिपण आणलं, तेही ईमॅक्समध्ये सजवून. शेवटी मी अहवाल लिहिला: "दोन्ही साधनांची आपापली बलस्थानं असून प्रत्येकाने आपल्या सोयीनुसार निवड करावी." हे वाक्य मला पहिल्या शुक्रवारीच सुचलं होतं. पण ते तेव्हाच सांगितलं असतं तर त्याला अहवाल म्हणता आलं नसतं.

तो अहवाल मी नोटपॅडमध्ये लिहिला.

होय. घरत मला बारा वर्षं शिकवत होता, आणि तो शेजारी असेपर्यंत मी विममध्येच असायचे. वरची ओळ, खालची ओळ, कोलन डब्ल्यू क्यू, सगळं त्याच्यादेखत. तो कौतुकाने मान हलवायचा. मुकादमांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "सुलभा आपली हाय. विमवाली." तो उठून गेला की मी हळूच नोटपॅड उघडायचे, काम संपवायचे आणि फाइल सर्व्हरवर टाकून द्यायचे. गिऱ्हाइकांचे तक्ते मी बनवायचे म्हणून माझा कॉम्प्युटर विंडोजचा होता, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. लबाडी लहान होती, निरुपद्रवी होती, असं मी समजत होते.

एका सोमवारी दुपारी पाटीलशेठच्या यार्डात नवीन जहाज कंपन्यांचे संकेत, म्हणजे कोड, टाकायचे होते. सहा ओळींचं काम. प्रोग्राम सुरू होताना एक साधी फाइल वाचतो, तीत ते संकेत असतात. मी नोटपॅडमध्ये सहा ओळी लिहिल्या, फाइल सर्व्हरवर चढवली, चहा प्यायला गेले. यार्डाचा प्रोग्राम रोज पहाटे बंद होऊन सहाला पुन्हा सुरू व्हायचा.

मंगळवारी तो सुरूच झाला नाही. गेटवरच्या माणसाने तो अकरा वेळा बंद-चालू केला, कारण बंद-चालू करणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. आठला साहेबांना फोन. साहेबांचा घरतला, घरतचं गाव जवळ म्हणून. मी पोचले तेव्हा ट्रेलरांची रांग यार्डाच्या गेटपासून हमरस्त्यावर येऊन वळणापलीकडे गेली होती. गोठवलेल्या कोळंबीचे दोन डबे त्याच दिवशीच्या जहाजावर चढायचे होते आणि जहाजाची वेळ टळत चालली होती. एक ड्रायव्हर गेटवरच्या केबिनच्या खिडकीत डोकं घालून मला म्हणाला, "मॅडम, दांडा वर करताय का जहाजालाच इकडं बोलवू?"

आत घरत स्टुलावर बसला होता. हेल्मेट अजून डोक्यावरच. चार मिनिटांत त्याने फाइल शोधली. शेवटच्या ओळीच्या टोकाला, संकेताला चिकटून, तीन चिन्हं होती. त्याने ती मोठ्याने वाचली. "कोलन. डब्ल्यू. क्यू."

बारा वर्षांच्या सवयीने माझ्या बोटांनी काम संपल्यावर आपलं आपण ते दाबलं होतं. विममध्ये ती आज्ञा असते. नोटपॅडमध्ये ती नुसती अक्षरं. बिचाऱ्या नोटपॅडने आज्ञाधारकपणे लिहून घेतली.

घरतने ती खोडली. प्रोग्राम सुरू झाला. दांडा वर गेला. कोळंबीचे डबे बंदरावर पोचेपर्यंत जहाजाचं माल घेणं बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत बैठक. पाटीलशेठ समोर. सर्व्हरवर आम्हां सगळ्यांचं एकच खातं आणि एकच पासवर्ड होता, त्यामुळे फाइल कुणी बदलली याची नोंद नव्हती. सुरक्षिततेचा हा आमचा स्वतःचा शोध. साहेबांनी विचारलं, हे कोलन डब्ल्यू क्यू म्हणजे काय?

मुकादमांनी बारा वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली होती. "साहेब, ती विमची आज्ञा आहे. विम वापरणारा माणूस भलत्या अवस्थेत असताना ती दाबतो आणि ती मजकुरात उमटते. मी समितीपुढे हा धोका लेखी मांडला होता. पान नऊ."

सगळे घरतकडे बघायला लागले. त्या यार्डाचं काम तोच बघायचा. सोमवारी त्यानेही सर्व्हरवर काहीतरी केलं होतं.

"घरत, तुम्ही केलंत?" साहेबांनी विचारलं.

घरत टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "विमचीच आज्ञा हाय ती."

'हो' नाही, 'नाही' नाही. पण साहेबांना तेवढं पुरलं. पनवेलच्या बाजूला एका मोठ्या यार्डाचं काम आम्हांला मिळालं होतं आणि त्याचा प्रमुख घरत होणार हे ठरल्यात जमा होतं. पाटीलशेठ तिथेही भागीदार. ते म्हणाले, "हा माणूस माझ्या गेटला परत हात लावणार न्हाय." साहेबांनी तिथल्या तिथे प्रमुखपद मुकादमांना दिलं आणि घरतला वापरपुस्तिका लिहायला बसवलं. वापरपुस्तिका म्हणजे कुणीही वाचत नाही असं पुस्तक, जे कंपनीला द्यावंच लागतं.

मी त्या खोलीत होते. तटस्थ.

बुधवार गेला, गुरुवार गेला. घरत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून 'दांडा वर न गेल्यास काय करावे' असं लिहीत होता. शुक्रवारी दुपारी मुकादम माझ्या टेबलाशी आले. नेहमीचा गोडवा नव्हता.

"मॅडम, काल ती फाइल ईमॅक्समध्ये उघडली. खालच्या पट्टीवर 'डॉस' लिहून येतंय."

मी उगाच माउस सरकवला.

"विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं चिन्ह असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण एडिटर ओळखतो. घरतच्या मशीनवर विंडोज नाही. माझ्याही नाही." त्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण सोमवारी साहेबांना सांगणार आहे, की हे घरतचं काम नव्हे. एडिटरच्या बाबतीत तो माणूस सरासर गुमराह आहे. पण खोटा इल्जाम त्याच्यावर राहिला आणि त्याच्यावर मी प्रमुख झालो, तर मला झोप लागणार नाही."

"तुम्हीच तर बुधवारी..."

"होय. मीच. म्हणून तर मला जायला हवं."

रविवारी सकाळी मी घरतच्या गावी गेले. तो ओट्यावर बसून जाळीच्या पिंजऱ्याला तार बांधत होता, मांजर कोंबड्यांमागे लागत होतं म्हणून. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली, चहा ठेवायला आत गेली. वाटेत मी एक भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "घरत, ते कोलन डब्ल्यू क्यू माझं होतं."

"मना म्हायती हाय," तो तार पिळत म्हणाला.

"कधीपासून?"

"फाइल उघडली तवापासून. विमपन खाली दाखवतंय, डॉस म्हणून. आपल्या हापिसात विंडोज दोघंच चालवतात. तू आन् साहेब. आन् साहेबाला फाइल उघडता येत न्हाय."

"मग बोलला का नाहीस? बैठकीत सगळे तुझ्याकडे बघत होते!"

त्याने पक्कड खाली ठेवली. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग होता, पण मी धरून चालले होते तो नव्हता. "मुकादमासमोर बोलू? बारा वर्सं त्याला ऐकवतंय, सुलभा विमवाली हाय. एक मानूस तरी मी तयार केला. आन् आता त्यालाच सांगू, की ती नोटपॅडवर लिवते? नोटपॅड, सुलभा? ईमॅक्स तरी घ्यायचा व्हता. मी सोसला असता."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "उद्या मी साहेबांना सांगणार आहे."

"नको सांगू."

"सांगणार."

"मग नोटपॅडचं तेवढं बोलू नको. चुकून झालं म्हन."

सोमवारी मुकादमांच्या आधी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, नोटपॅडसकट. साहेबांना दोन्हींतला फरक कळला नाही. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. इतके दिवस गप्प राहून मग बोललेल्या माणसाला आपल्याकडे प्रामाणिक म्हणतात. माझ्यामागून मुकादम आत गेले, साहेबांकडून नोटपॅडचंही ऐकलं आणि प्रमुखपद परत देऊ लागले. साहेब म्हणाले, शेठना नाव कळवून झालंय, आता पुन्हा बदललं तर कंपनीचं हसं होईल. पाटीलशेठना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं असेल. पण मला आता त्या मानसाकडे बघितलं की कोळंबीच आठवते."

तेव्हा पनवेलचं यार्ड मुकादमांकडेच गेलं. माझ्या फाइलीत एक ताकीदपत्र लागलं. घरतवरचा ठपका कागदावरून पुसला गेला, पण तो पुस्तिकांच्या टेबलावरून हलला नाही, निवृत्त होईपर्यंत. पुस्तिका त्याने विममध्ये लिहिल्या आणि त्या इतक्या स्वच्छ उतरल्या की गेटवरची माणसं त्या खरोखर वाचायला लागली. आमच्या धंद्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. एवढा चांगला प्रोग्रामर वाया घालवून आम्ही एक चांगला पुस्तिकालेखक मिळवला, असं साहेब अभिमानाने सांगायचे. 'वाया घालवून' हे शब्द सोडून.

आता नवी मुलं दोन्हींतलं काही वापरत नाहीत. मशीनला सांगतात, तूच लिही, आणि मशीन लिहितं. त्यांना विम की ईमॅक्स विचारलं तर वाटतं, ही भांड्यांच्या साबणांची नावं आहेत.

मात्र त्या सोमवारच्या दुपारी जेवताना काय झालं ते सांगायला हवं. डबे उघडले. मुकादमांच्या हातात आता असं हत्यार होतं, की एका वाक्यात त्यांनी बारा वर्षांचा वाद जिंकला असता: घरत, तुमची एकुलती एक शिष्या नोटपॅडवाली निघाली. त्यांनी पोळी मोडली, घरतकडे बघितलं आणि म्हणाले, "काय घरत, तुमच्या विममध्ये अजून चंद्र उगवला नाही म्हणे?" घरतने पंचांगावरून काहीतरी उत्तर दिलं. पुढची सहा वर्षं मुकादम घरतला रोज टोचत राहिले, कळांवरून, अवस्थांवरून, मिठागरांवरून. नोटपॅड हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही. आणि आपलं गुपित मुकादमांपासून शाबूत आहे या समाधानात घरत निवृत्त झाला. मीही त्याला सांगितलं नाही.

घरतने गप्प राहण्याचं जे कारण मला ओट्यावर सांगितलं, ते मी खरं धरून चालते. एडिटरच्या अभिमानापायी माणूस बढती घालवू शकतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही पटेल. ते कारण खरं नसेल, तर त्याने ते माझ्यासाठी केलं असं होतं. आणि त्या बैठकीत, त्याच्या समोरच्याच खुर्चीत बसून, मी त्याच्यासाठी काही केलं नव्हतं.